टायपोग्राफीची पुस्तकं आणि स्वतंत्र मासिकं : लातुरात डीटीपी करणाऱ्यानं कशावर पैसे घालावेत

टायपोग्राफी म्हणजे छापायची अक्षरं निवडून पानावर मांडायची कला. आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतं. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर एलन लप्टनचं 'थिंकिंग विथ टाइप', आणि तेही २०२४ ची तिसरी आवृत्तीच घ्या. एकच मासिक घ्यायचं असेल तर लंडनचं डिझाइनवरचं 'आय'. म्युलर-ब्रॉकमनचं 'ग्रिड सिस्टिम्स' ज्यांचं पुस्तकांचं, नोट्सचं, स्मरणिकांचं काम जास्त आहे त्यांनीच घ्यावं. ब्रिंगहर्स्टचं 'द एलिमेंट्स ऑफ टायपोग्राफिक स्टाइल' नंतर, सावकाश. आणि बापूराव नाईकांचं 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' कुठं मिळालं तर हातातलं काम सोडून वाचा. आता यातलं प्रत्येक का, ते खाली लिहायलोय, लांबलंय पण वाचा.

माझं काम म्हणजे लातुरात गंजगोलाईजवळ डिझाइन आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईची पानं लावायचं. क्लासवाल्यांच्या नोट्स, टेस्ट सिरीज, लग्नपत्रिका, दवाखान्याचे बोर्ड, निकालाच्या सीझनला फ्लेक्स, आणि वर्षातून एखादा दिवाळी अंक किंवा कॉलेजची स्मरणिका. म्हणजे मी ही पुस्तकं मुंबई-पुण्याच्या एजन्सीतल्या माणसाच्या नजरेनं बघत नाही. मला बघायचं होतं की श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत आणि आता युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) मराठी मजकूर लावणाऱ्या माणसाला यातून हाताला काय लागतं.

लप्टनबाईंच्या पुस्तकापासून सुरू करतो. पहिली आवृत्ती २००४ ची. अक्षर, मजकूर, ग्रिड (पानाची घरांत केलेली आखणी) असे तीन भाग, भाषा सोपी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चूक आणि बरोबर शेजारी शेजारी छापून दाखवलेलं. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तरी नुसती चित्रं बघून निम्मं कळतं. दोन ओळींतलं अंतर कमी केलं की काय होतं, डाव्या बाजूनं सरळ आणि उजवीकडं मोकळं सोडलं की पान कसं श्वास घेतं, मथळा मोठा करायचा का ठळक करायचा का नुसती जागा सोडायची, हे सगळं त्यात आहे. आपल्याकडं गिऱ्हाईक म्हणतं 'मोठं करा, बोल्ड करा, लाल करा, अंडरलाइन पण टाका', आणि आपण चारही करतो. या पुस्तकानं मला त्या माणसाला समजवायची भाषा दिली. आता मी दोन नमुने काढून समोर ठेवतो, एकात चारही आणि एकात नुसतं मोठं, बहुतेक वेळा गिऱ्हाईक स्वतःच दुसऱ्यावर बोट ठेवतं.

तिसरी आवृत्ती म्हणायचं कारण असं की आधीच्या दोन्ही आवृत्त्या जवळपास रोमन लिपीपुरत्याच होत्या. नव्या आवृत्तीत वेगवेगळ्या लिपींची ओळख त्या त्या लिपीत काम करणाऱ्यांकडून लिहून घेतलीय, शिवाय फुकट वापरता येणारे फॉन्ट, छोट्या फाउंड्रींचे, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे, फॉन्ट असं बरंच नवीन आलंय. ती ओळख थोडक्यातच आहे, तेवढ्यावर देवनागरीचं पान लावता येत नाही, हे खरं. पण जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांपैकी एकात इतर लिपींना जागा मिळाली याचं मला मनापासून बरं वाटलं. आमच्याकडं तर एकाच दुकानाच्या बोर्डावर मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही असतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत, त्यामुळं संभाजीनगर, नांदेड, बीडच्या जुन्या पेठांत नस्तालिकमध्ये, म्हणजे उर्दूच्या तिरक्या वळणात, लिहिलेले बोर्ड अजून दिसतात. नस्तालिकचा शब्द उजवीकडून डावीकडं उतरत येतो, देवनागरी शिरोरेखेला लटकते आणि इंग्रजी खालच्या रेषेवर उभी असते. हे तिन्ही एका ओळीत बसवायचं काम इथला पेंटर वर्षानुवर्षं करतोय, आणि त्यावर लिहिलेलं मात्र शोधावं लागतं.

आता ब्रिंगहर्स्ट. हे पुस्तक पहिल्यांदा १९९२ ला आलं. लेखक कवी आहे, ते प्रत्येक वाक्यात कळतं, आणि पुस्तक स्वतःच इतकं सुंदर लावलंय की नुसतं उघडून समोर ठेवलं तरी शिकायला मिळतं. पण इथंच देवनागरीवाल्यानं डोकं जागेवर ठेवून वाचायचं. उदाहरण देतो. त्यात प्रसिद्ध नियम आहे की एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं असली की वाचायला बरं, ६६ म्हणजे उत्तम. ही मोजणी मोकळी जागा धरून, रोमन अक्षरांची. आता आपला 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द घ्या. तोंडानं मोजला तर वि, द्या, र्थ्यां, च्या, म्हणजे चार अक्षरं. कॉम्प्युटरला विचारलं तर तो युनिकोडची चिन्हं मोजतो, पायमोडाचं हलन्त, काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं, आणि उत्तर येतं १७. मग ६६ म्हणजे नेमके किती? चार धरून का सतरा धरून? त्यामुळं तो आकडा आपण उचलायचाच नाही, त्यामागचं कारण तेवढं उचलायचं. कारण असं की ओळ फार लांब झाली की डोळा परत येताना पुढची ओळ चुकतो, फार तोकडी झाली की वाक्य तुटत राहतं. मी मराठीसाठी शब्द मोजतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, म्हणून ओळीला नऊ-दहा शब्द मला बरोबर वाटतात. ए-फोरवर एका कॉलममध्ये अकरा पॉइंटच्या टाइपात नोट्स लावल्या की ओळ चौदा-पंधरा शब्दांची होते, आणि पोरं पट्टी ठेवून वाचतात. तेच दोन कॉलम केले की पट्टी लागत नाही. पानं थोडी वाढतात, पण क्लासवाल्यांना हे पटवता येतं.

ब्रिंगहर्स्टच्या पुस्तकाच्या सुधारत गेलेल्या बऱ्याच आवृत्त्या आहेत, त्यांना तो ३.१, ३.२, ४.० असे सॉफ्टवेअरसारखे नंबर देतो. जुनी ३ मधली कुठलीही चांगल्या अवस्थेत मिळाली तर घ्या, ४ च पाहिजे असा हट्ट नको.

'ग्रिड सिस्टिम्स' हे १९८१ चं स्विस पुस्तक, जर्मन आणि इंग्रजी शेजारी शेजारी. पान आठ, वीस, बत्तीस घरांत कसं वाटायचं आणि मजकूर, फोटो, फोटोखालच्या ओळी सगळं एकाच मापात कसं बसवायचं, हे इतक्या शिस्तीत दाखवलंय की वाचताना सुरुवातीला कंटाळा येतो आणि एकदा स्मरणिका लावायला बसलं की प्रत्येक पान आठवतं. स्मरणिकेत काय असतं, दोनशे पानं, प्राचार्यांचं मनोगत, अहवाल, पोरांच्या कविता, पासपोर्ट फोटो, जाहिराती, सगळं शेवटच्या आठवड्यात येतं. ग्रिड आधी आखून ठेवली असेल तर आलेला माल त्यात टाकत जायचं. नसेल तर प्रत्येक पान नव्यानं लढायचं. या पुस्तकातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मोठ्या टाइपाच्या ओळी आणि बारीक टाइपाच्या ओळी ठरावीक अंतरानं परत एका रेषेवर कशा आणायच्या. देवनागरीत हे करताना माप मात्र आपलं आपल्याला काढावं लागतं.

ते माप कसं काढायचं ते सांगतो, कारण एकाही परदेशी पुस्तकात हे असं थेट सापडलं नाही. वरच्या ओळीत 'कुटुंब' टाका आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या ओळीत 'मूर्तींची' येईल असं बघा. 'कुटुंब'ला खाली दोन उकार लटकतात. 'मूर्तींची'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी गर्दी करतात. हे दोघं जिथं एकमेकांना चिकटत नाहीत ते तुमचं कमीत कमी लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. मी मुक्ता फॉन्टमध्ये अकराच्या टाइपाला चौदाचं लीडिंग देऊन बघितलं, दाटी होते. सतराला पान मोकळं झालं. इंग्रजी पुस्तकातला 'टाइपाच्या वीस टक्के जास्त' हा सरधोपट हिशोब मराठीला लावला की उकार आणि अनुस्वार भांडणारच. आणि हे करताना इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) चालू आहे का ते बघा, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात आणि लोक फॉन्टला शिव्या देतात. फॉन्टचा काही दोष नसतो.

मासिकांकडं येतो. स्वतंत्र मासिक म्हणजे मोठ्या कंपनीच्या मालकीचं नाही, दोन-चार माणसं मिळून काढतात, जाहिरातीपेक्षा वाचकावर चालतं. 'आय' १९९० मध्ये रिक पॉयनर यांनी सुरू केलं, वर्षाला चार अंक अशी त्याची रचना. २००८ मध्ये संपादक जॉन वॉल्टर्स आणि आर्ट डायरेक्टर सायमन एस्टरसन यांनीच ते मालकाकडून विकत घेतलं. मला ही गोष्ट लई भारी वाटते, काम करणाऱ्यांनीच मासिक वाचवलं. आतले लेख नुसते 'बघा किती छान' असे नाहीत. एखाद्या डिझायनरचं काम घेतात, ते कुठल्या परिस्थितीत झालं, गिऱ्हाईक कोण, छपाई कशी, काय जमलं नाही, असं खोलात जाऊन लिहितात. फोटो मोठे, मजकूर बारीक पण वाचता येणारा. छपाई बघण्यासाठी तरी एक अंक प्रेसमध्ये ठेवावा, पूर्ण काळ्या छापलेल्या भागाला शाई कशी समान बसलीय ते आपल्या मशीनवाल्याला दाखवायला.

त्यांचा ९४ वा अंक, २०१७ चा, छापणाऱ्यांनी मुद्दाम माहीत करून घेण्यासारखा आहे. मुईरमॅकनील या स्टुडिओनं त्याचं मुखपृष्ठ असं केलं की ८००० प्रतींची ८००० मुखपृष्ठं वेगवेगळी. एचपी इंडिगो डिजिटल मशीन, आणि मूळ मोजक्या अक्षररचनांमधून सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतीसाठी वेगळा तुकडा, वेगळं फिरवलेलं, वेगळ्या आकाराचं काढून देतं. आपल्याकडं हेच व्हेरिएबल डेटाचं, म्हणजे प्रत्येक प्रतीवर वेगळा मजकूर छापायचं, तंत्र आपण प्रमाणपत्रावर नाव टाकायला आणि पावतीवर नंबर टाकायला वापरतो. मशीन तेच, डोकं वेगळीकडं चाललं. लग्नपत्रिकेत हे करता येईल असं माझ्या मनात आहे, प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्याचं नाव तर टाकायचंच पण त्या नावाच्या पहिल्या अक्षरातूनच नक्षी काढायची.

'स्लँटेड' जर्मनीतल्या कार्ल्सरूहचं, त्याचे बरेच अंक एकेका शहरावर किंवा देशावर असतात. जाडजूड, रंगीत, बघायला मजा. पण मला त्यात चित्रं जास्त आणि कारणं कमी वाटली, म्हणून आपले मर्यादित पैसे तिथं घालू नका असं माझं मत. ज्यांना पोस्टर करायचेत त्यांना वेगळं वाटू शकतं.

'वर्क्स दॅट वर्क' आता बंद आहे, २०१३ ते २०१७ दहा अंक निघाले, पण याचं नाव घेतलंच पाहिजे. काढणारे पीटर बिलाक, यांनीच २००९ मध्ये सत्य राजपुरोहित यांच्यासोबत इंडियन टाइप फाउंड्री सुरू केली, आणि तुमच्या आयफोनवर जी देवनागरी दिसते ती कोहिनूर याच फाउंड्रीची. या मासिकानं वितरक टाळून एक पद्धत काढली होती, वाचकानंच निम्म्या किमतीत प्रती घ्यायच्या, आपल्या गावच्या दुकानाला द्यायच्या आणि मधला फरक स्वतः ठेवायचा. आपल्या दिवाळी अंकवाल्यांनी हे तालुक्याच्या ठिकाणी करून बघण्यासारखं आहे, कारण आमच्याकडं अंक चांगला असला तरी उदगीर, निलंगा, अहमदपूरपर्यंत पोचतच नाही.

जुनं बघायचं असेल तर कॅलिफोर्नियाचं 'एमिग्रे', रूडी व्हॅन्डरलान्स आणि झुझाना लिचको या नवराबायकोचं, १९८४ ते २००५, एकूण ६९ अंक. पहिल्या मॅकिंटॉशवर काढलेली खडबडीत अक्षरं त्यांनी लाज न बाळगता छापली आणि त्याचंच पुढं फाउंड्रीत रूपांतर केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्हनं आपल्या संग्रहाचं ऑनलाइन दालन फुकट खुलं केलंय, तिथं असलं साहित्य मोठं करून बघता येतं, एक रुपया लागत नाही. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागानं २००८ पासून सुरू केलेल्या टायपोग्राफी डे या परिषदेचे निबंधही नेटवर आहेत, त्यात देवनागरीवर कामाचं बरंच सापडतं.

आता देवनागरीची पुस्तकं, म्हणजे माझ्या दृष्टीनं खरा विषय. बापूराव नाईक हे राज्याच्या मुद्रण खात्याचे संचालक होते. त्यांचं 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' १९७१ मध्ये मुंबईच्या भाषा संचालनालयानं काढलं. इंग्रजीत आहे. यात खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, सगळा इतिहास आहे आणि तो इतिहास वाचला की आजच्या फॉन्टमधल्या कितीतरी गोष्टींचं कारण कळतं. उदाहरणार्थ डिग्री पद्धत आणि अखंड पद्धत. डिग्री पद्धतीत मूळ अक्षराचा खिळा वेगळा आणि वरच्या मात्रा-वेलांट्या, खालचे उकार यांचे वेगळे, म्हणजे जुळारी (खिळे जुळवणारा) एकेका ओळीसाठी तीन थर रचत बसायचा. अखंड पद्धतीत मात्रेसकट पूर्ण उंचीचा एकच खिळा, म्हणून खिळे जास्त, केस (खिळे ठेवायची घरांची पेटी) मोठी. काम सोपं करायला, घरं कमी करायला जोडाक्षरं तोडली गेली, मात्रा आखडल्या, आणि ती सवय पुढं टाइपरायटरमध्ये आणि तिथून आपल्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्येही आली. श्रीदेव ०७०८ या श्रीलिपीच्या फॉन्टवर आयुष्य काढलेल्या माणसानं हे वाचलं की त्याला कळतं की आपण जे 'असंच असतं' म्हणून लावत आलो ते धातूच्या अडचणीतून आलेलं आहे, लिपीत मुळात तसं नाही. हे पुस्तक बाजारात सहज मिळत नाही. विद्यापीठाच्या किंवा कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आधी विचारा, आणि मिळालं तर तिथंच बसून टिपणं काढा.

अक्षरं रेखाटणारे कलाकार कमल शेडगे यांची 'चित्राक्षरं', 'कमलाक्षरं', 'माझी अक्षरगाथा' ही मराठीतली, आणि यांना परदेशी पुस्तकांच्या खाली ठेवायचं काही कारण नाही. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरं आठवा. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाव डोळ्यांपुढं आलं तरी ते त्यांच्या वळणातच येतं. शब्दाच्या अर्थातून अक्षराचा आकार कसा निघतो हे ते करून दाखवतात, थिअरी सांगत बसत नाहीत. ते २०२० मध्ये गेले. फ्लेक्सवर नाव टाकताना जो तो तेच तीन ठळक फॉन्ट ओढून ताणून वापरतो, त्या प्रत्येक पोरानं ही पुस्तकं बघावीत असं मला मनापासून वाटतं.

या परदेशी मासिकांतली एक सवय मला आपल्याकडं आणायचीय. शेवटच्या किंवा पहिल्या पानावर ते लिहितात की मजकूर कुठल्या फॉन्टात, तो कोणी काढला, कागद कुठला, कुठं छापलं. आपल्या पुस्तकांत मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रक ही नावं असतात, ही चांगलीच परंपरा आहे, पण फॉन्टचं आणि तो काढणाऱ्याचं नाव नसतं. विंडोजवर इतकी वर्षं सगळा महाराष्ट्र ज्या मंगल फॉन्टात टाइप करतोय तो र. कृ. जोशींनी काढला, हे किती डीटीपीवाल्यांना माहितीय? मुक्ता, बालू हे मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचे. 'एकझार' हा वैभव सिंग यांचा. तिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी आहे, आपल्या वळणाचा ल आणि श त्यात मुळातच येतात, दिवाळी अंकाच्या मजकुराला मी सध्या तोच सुचवतो. मंगल सोडून हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट. फुकट वापरताना निदान नाव तरी छापावं. मागच्या स्मरणिकेत मी श्रेयनामावलीत एक ओळ घातली, फॉन्ट आणि कागद दोन्ही लिहिले, प्राचार्यांनी विचारलं हे कशाला, सांगितल्यावर म्हणाले राहू द्या, चांगलं दिसतंय.

खरेदीबद्दल महत्त्वाचं. आयात पुस्तकांवर २०१९ पासून पाच टक्के सीमाशुल्क आहे, त्यात डॉलर-पाउंडचा भाव, त्यामुळं ही पुस्तकं हजारांतच जातात. मासिकाचा एकच अंक मागवला तर शिपिंगच डोळ्यात पाणी आणतं, म्हणून तीन-चार जणांनी मिळून मागवा. आम्ही लातूर आणि नांदेडचे काही जण तसंच करतो, अंक फिरत राहतो. 'आय'च्या वेबसाइटवर जुने लेख भरपूर आहेत, आधी ते वाचून अंदाज घ्या. आणि ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीत 'ग्रिड सिस्टिम्स' दिसलं तर थांबा. मला एका विक्रेत्याकडून आलेली प्रत चक्क झेरॉक्स निघाली, पेस्टिंग बाइंडिंग, पहिल्यांदा उघडल्याबरोबर पानं सुटली, ग्रिडच्या बारीक रेषा तर गायबच. ज्या पुस्तकात रेषाच बघायच्या असतात त्यात रेषाच नाहीत म्हटल्यावर काय उपयोग. विक्रेत्यानं ती परत घेतली, पण महिना गेला. विक्रेत्याला आधी आतल्या पानाचा फोटो मागा, रेषा स्वच्छ दिसल्या आणि शिलाई दिसली तरच पैसे पाठवा.

नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या कोणाला 'आय'च्या पुढच्या खेपेत नाव घालायचं असेल तर सांगा, जेवढे जास्त तेवढं शिपिंग कमी पडतं. आणि नाईकांचं पुस्तक मराठवाड्यातल्या कुठल्या ग्रंथालयात आहे हे कोणी बघितलं असेल तर ग्रंथालयाचं नाव खाली लिहा, मी येऊन बसायला तयार आहे.